पाहुण्यांच्या गाडीतून बुर्सा

जून लागला की आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये नव्या बॅगा दिसायला लागतात. सुट्टीला भारतात जाणाऱ्यांच्या बॅगा वेगळ्या. त्या जुन्या, फुगलेल्या, दोरीने करकचून बांधलेल्या, आणि त्यांत खजूर, बदाम, कोणाच्या तरी सासूबाईंनी मागितलेलं ब्लँकेट. या दुसऱ्या बॅगा मात्र कोऱ्या असतात. त्यांची चाकंसुद्धा अजून काळी झालेली नसतात. घरातल्या मुलाची बारावी झालेली असते आणि ते आता पुण्याला नाहीतर मुंबईला कॉलेजात जाणार असतं. इथे सौदीत, अल-खोबरमध्ये, आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी शाळा आहे ती बारावीपर्यंत. त्यापुढे विमान. बाहेर हवा अशी की दार उघडताच चष्म्यावर वाफ धरते आणि गाडीपर्यंत पोचेस्तोवर पाठ ओली होते. अशा हवेत दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मजल्यावरच्या घरातली एक खोली रिकामी होते. हा आमचा ऋतू. पंचांगात तो नाही, पण बिल्डिंगमधल्या प्रत्येक आईला तो येताना कळतो.

यंदा पाळी खालच्या मजल्यावरच्या मंजिरीची. तिची इरा बारावी झाली. परवा मंजिरी वर आली, सोफ्याच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "ताई, तुमच्या सईच्या वेळी तुम्ही बुर्साला गेला होतात ना? आम्हीपण ठरवलंय. इरा जायच्या आधी एकदा सगळे मिळून. कसं आहे हो बुर्सा? काय काय बघायचं?"

मी चहा टाकायला आत गेले ते मुख्य म्हणजे तोंड लपवायला. बुर्सा कसं आहे हे मला कोणी विचारलं की माझं डोकं तापतं. मी बुर्साला जाऊन आले आहे. आमचे फोटो आहेत. फ्रिजवर चिनारच्या पानाचं मॅग्नेट आहे. आणि तरी बुर्सा कसं आहे, याचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर मला ते नीटसं माहीत नाही.

माझं बुर्सा खरं तर दाताच्या डॉक्टरांकडे सुरू झालं. त्यांच्या वेटिंग रूममध्ये टीव्हीवर आवाज बंद करून सतत तुर्कस्तान चालू असायचं. डोंगर, त्यावर चढणारी केबल कार, निळसर हिरव्या फरशांची कबर, दगडी कमानींचा चौक, त्यात झाडाखाली बसून चहा पिणारी माणसं. लग्नाआधी नाशिकला मी शाळेत इतिहास शिकवायचे. इथे आल्यावर ते सुटलं ते सुटलंच. पण जुनी इमारत दिसली की माझी मान अजून आपोआप वळते. रेशमाच्या कोषांचा व्यापार जिथे शतकानुशतकं चालला तो चौक, आणि जिच्या घुमटाखाली, ऐन मशिदीच्या आत, कारंजं वाहतं ती जुनी मशीद. दाढेत इंजेक्शन घेऊन बधिर तोंडाने मी ठरवलं होतं की हे एकदा बघायचं. शिवाय हिरवं. ज्याने वर्षानुवर्षं खिडकीतून पिवळट आभाळ आणि शेजारच्या इमारतीवरचे एसी बघितलेत, त्याला हिरव्या रंगाची भूक म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या, ऑफिसातले सौदी लोक तर बुर्साचं नाव काढलं की डोळे मिटून "खदरा, खदरा" म्हणायचे. हिरवं, हिरवं.

जायचं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी मोडायचं. शिरीष पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला आहे, त्यामुळे आमच्या घरी सण प्लांटच्या शटडाऊनच्या तारखा बघून साजरे होतात. उरलेली रजा नाशिकला जायची. तिकडे सासूबाई, तिकडे माझे आईवडील, तिकडे कुणाचं लग्न. "घरी जायचंय" म्हटलं की आमच्याकडे दुसरा अर्थच नव्हता. सई लहान असल्यापासून मी तिला हेच सांगत आले होते. हे इथलं काय, तात्पुरतं. पडदे घ्यायचे तर स्वस्तातले घे, भिंतीला खिळा ठोकू नको, घरमालक ओरडेल. आपण घरी गेल्यावर करू.

सईची बारावी झाली आणि मी हट्ट धरला. आता नाही तर कधीच नाही. तिघंच जाऊ. मला तिच्याबरोबर एक अख्खा दिवस हवा होता, ज्यात कोणाचा फोन नाही, क्लास नाही, मैत्रीण नाही. कारण ती बोलत नव्हती. ॲडमिशन झाली, हॉस्टेल मिळालं, सगळं मनासारखं झालं, आणि पोरगी मिटून गेली होती. विचारलं की "आय ॲम फाइन, आई." घाबरली आहेस का? "नो." आनंद झालाय का? "येस." तिची उत्तरं गेली कित्येक वर्षं इंग्रजीतच येतात, त्याचं मला काही नाही. पण ही उत्तरं इंग्रजीही नव्हती. दारावरची कडी होती नुसती. मला वाटलं, हिरव्या झाडाखाली, थंड हवेत, चहाचा पेला हातात असताना ती उघडेल. विमानात बसण्याआधी तिच्या मनात काय आहे एवढं मला कळायला हवं होतं. बाकी मला बुर्साकडून काही नको होतं. बरं, मशीद आणि तो चौक हवा होता, पण ते नंतर.

पहिला दिवस झकास गेला. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला सगळ्यातच खोट दिसते. संध्याकाळी पोचलो तर रस्त्याच्या कडेच्या झाडांना पिवळसर बारीक फुलं आलेली आणि सगळ्या गावाला त्यांचा मधासारखा वास. हातगाडीवर चेरी, लालभडक, देठांसकट. गल्लीच्या टोकाला डोंगर उभा, वर ढगात गेलेला. अंगावर शाल घ्यावी लागली याचंच मला इतकं अप्रूप की मी ती हॉटेलच्या खोलीतही काढेना. सई खिडकीत उभी राहून फोनवर मैत्रिणींशी टाइप करत होती. म्हटलं, असू दे, उद्या आहेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी केबल कारच्या रांगेत उभे होतो. समोर अरबी पाट्या, मागे अरबी बोलणं, शेजारच्या बाईच्या हातात आमच्याच खोबरच्या मॉलची पिशवी. मी शिरीषला म्हणत होते की अरे, सौदीतून बाहेर पडलोय की नाही आपण, तेवढ्यात मागून हाक आली, "या मुहंदिस!"

या हाकेचा अर्थ 'अहो इंजिनिअर', एवढाच. पण शिरीषचे खांदे त्या हाकेने जे ताठ झाले ते मी लांबून ओळखते. त्याचे डिपार्टमेंटचे मॅनेजर. अबू फहद. पांढरा पायघोळ थोब नाही, डोक्यावर रुमाल नाही, चेक्सचा शर्ट आणि पोटावर कॅमेरा, त्यामुळे क्षणभर ओळखूच आले नाहीत. त्यांनी शिरीषला मिठी मारली, गालाला गाल लावले आणि आनंदाने ओरडलेच, "वल्लाह, यू आर माय गेस्ट!"

आता सांगा, बुर्सा काय यांच्या वडिलांचं आहे? आम्ही परके, तेही परके. आमचं तिकीट आम्ही काढलेलं, हॉटेल आमचं. पण अबू फहदना माणूस दिसला की तो त्यांचा पाहुणाच. शिरीष "नो, नो, प्लीज" म्हणाला. ते "नो नो नो, खलास!" म्हणाले. खलास म्हणजे विषय संपला. आणि तो खरंच संपला. दहा माणसांदेखत आमची रांगेतली जागा सुटली आणि आम्ही त्यांच्या दोन मोठ्या गाड्यांत विभागले गेलो. एक पुरुषांची, एक बायकामुलांची.

मला हे नीट सांगता आलं पाहिजे, नाहीतर माणूस वाईट वाटायचा. तो माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर मी तोंडावर भांडले असते. त्यांनी आम्हाला एक लिरा खर्च करू दिला नाही. सकाळी हॉटेलच्या दारात गाडी हजर. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्यांना इतकं दुःख झालं की प्रत्येक हॉटेलात आचाऱ्याला बाहेर बोलावून, हातवारे करून, आमच्यासाठी भोपळी मिरच्या भाजून घ्यायचे. मी जन्मात खाल्ल्या नसतील इतक्या भोपळी मिरच्या बुर्सात खाल्ल्या. प्रेमाने भाजलेल्या, वर जळलेल्या, आत कच्च्या.

आणि शिरीष? मी खोलीत आल्यावर त्याला म्हणायचे, "उद्या नाही म्हणून सांग."

तो म्हणायचा, "अगं, कसं सांगू? त्यांना वाईट वाटेल."

"आणि मला?"

"तू समजून घेशील."

म्हणजे बघा. जो समजून घेतो त्याच्याच गळ्यात सगळं. या देशात इतकी वर्षं काढली की माणसाला 'नाही' हा शब्द घशातून वर काढता येत नाही. कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर आपला व्हिसा त्या मालकाला, नाही म्हणायचं नाही, मॅनेजरला नाही म्हणायचं नाही, गेटवरच्या शिपायालाही नाही म्हणायचं नाही. आपण इथे कोणाच्या तरी मेहेरबानीवर आहोत हे मणक्यात शिरून बसतं, आणि मग सुट्टीत तुर्कस्तानात गेलं तरी ते पासपोर्टबरोबर सोबत येतं.

तर असं मी बुर्सा बघितलं, गाडीच्या काचेतून आणि दुसऱ्याच्या वेळापत्रकाने. जुन्या मशिदीतलं कारंजं मी पाहिलं, पण अबू फहदच्या धाकट्याला शू लागली होती म्हणून लगेच बाहेर. घुमटाच्या मधल्या काचेतून खाली उतरलेला उजेड, भिंतींवरची माणसाच्या उंचीची काळी अक्षरं, पाण्याचा खळखळाट आणि पायांखाली गालिचा. मी मान वर केली आणि कोणीतरी म्हणालं, यल्ला, चला. रेशमाच्या चौकात तर अर्ध्या पेल्याचा चहा. कमरेत बारीक असलेला तो पेला उचलला, वरच्या मजल्यावरच्या दुकानांतून लोंबणाऱ्या ओढण्या बघितल्या, आणि इथे शेतकरी कोषांची पोती घेऊन बसत असतील असं मनाशी रचायला घेतलं, तर यल्ला. मधाच्या दुकानात जायचंय. मधाच्या दुकानात आम्ही तासन्‌तास बसलो. मला आजही बुर्सातल्या मधाचे प्रकार सांगता येतील.

सई या सगळ्यात कानात इअरफोन घालून. मला तिचाही राग यायला लागला होता. इतकं करून आणलं, एकदा तरी खिडकीबाहेर बघ. तिला म्हटलं, "सई, केवढं हिरवं आहे बघ गं." ती म्हणाली, "येस आई, व्हेरी ग्रीन." असं वाटलं, इथेच उतरावं आणि नाशिकला चालत जावं.

अबू फहदची बायको, उम्म फहद, माझ्याच वयाची असावी. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकींकडे बघून नुसत्या हसायचो. माझं अरबी भाजीवाल्यापुरतं, तिचं इंग्रजी पाहुण्यांपुरतं. तिसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या त्या प्रचंड चिनारखाली आम्हाला बसवलं. झाड एवढं की एकेक फांदी म्हणजे स्वतंत्र झाड, आणि खालून टेकू दिलेले. फांद्यांच्या सावलीत चहाची टेबलं मांडलेली. पुरुष लांब शेगडीपाशी, माझ्यासाठी मिरच्या भाजत. अबू फहद तेवढ्यात रस्त्यावर कोणीतरी आमच्या शेजारच्या दम्मामचं दिसलं म्हणून धावत गेले आणि त्यालाही ओढून घेऊन आले.

उम्म फहदने कपाळावर हात मारला. अगदी आपल्या बायका मारतात तसा. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, "नूरा गो इंग्लंड. स्कॉलरशिप. आय वाँट ओन्ली नूरा. थ्री डे, मी, नूरा, खलास. ही सी वन मॅन..." आणि तिने दोन्ही हात पसरून आख्खं बुर्सा दाखवलं.

म्हणजे हिचंही तेच. हिचीही पोर उडायला निघालेली, हिलाही ती तीन दिवस एकटी हवी होती, आणि हिच्या मधे आम्ही! मी इतके दिवस मनातल्या मनात ज्यांच्या नावाने बोटं मोडत होते त्यांच्या घरात मीच आगंतुक होते. मला हसू फुटलं, तीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण हसून राग जातो असं कोणी सांगितलं? उलट माझा आणखी वाढला. दोन बायकांना हवं ते एकच, साधं, आणि ते दोघींनाही मिळू नये एवढी व्यवस्था एका माणसाच्या प्रेमळपणाने केली होती.

केबल कारचं राहिलेलं शेवटी चौथ्या दिवशी झालं. बायकांचा पाळणा वेगळा. मी आणि उम्म फहद एका बाजूला, मांडीवर तिचा धाकटा झोपलेला. समोर सई आणि नूरा. दार बंद झालं, खडखड झाली आणि आम्ही झाडांच्या वर आलो. खाली पाइनचे शेंडे, मधेच ओढा, मधेच ढगाचा तुकडा काचेला चिकटून जायचा. तो डोंगर चांगला मोठा आहे, वर पोचायला बराच वेळ लागतो, आणि त्या वेळात कोणालाच कुठे जाता येत नाही.

पोरी इंग्रजीत बोलत होत्या, भराभर, हळू आवाजात, पाळण्याच्या खडखडाटात आयांना ऐकू जात नाही अशा समजुतीने. नूरा म्हणत होती की मला भीती वाटते, तिथे कोणीच ओळखीचं नाही. तुझं बरं आहे, तू तर घरी चालली आहेस.

सई म्हणाली, "नो. आय ॲम नॉट गोइंग होम. आय ॲम गोइंग टू माय मदर्स होम."

मी काचेबाहेर बघायला लागले. एकदम, फार मन लावून.

ती सांगत होती. घर खोबरलाच आहे. तिची शाळेची बस जिथे थांबायची तो कोपरा, तिला न मागता ताकाची बाटली काढून देणारा बकालावाला, म्हणजे कोपऱ्यावरचा केरळी दुकानदार, संध्याकाळी कॉर्निशवर, समुद्राकाठी, जिथे ती आणि तिच्या मैत्रिणी पाण्यात पाय सोडून बसायच्या तो दगड, अफगाणी भट्टीतली गरम तमीस रोटी. मैत्रिणी सगळ्या या महिन्यात जाणार, कोणी केरळला, कोणी कराचीला, कोणी अम्मानला, आणि त्या आत्ता, या क्षणी, तिच्याशिवाय तिथे कॉर्निशवर भेटत होत्या. फोनवर रोज फोटो येत होते. "देज आर माय लास्ट डेज देअर," ती म्हणाली, "अँड आय ॲम स्पेंडिंग देम इन अ केबल कार."

नूराने विचारलं, मग आईला सांगितलं का नाहीस?

सईने फोन मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, आईने इतकी वर्षं बुर्साचं स्वप्न बघितलंय. ती हे माझ्यासाठी करतेय असं तिला वाटतंय. कसं सांगू?

पाळणा ढगात शिरला. काचेबाहेर पांढरं, काही दिसेना, आणि तरी मला बाहेरच बघत राहावं लागलं. उम्म फहदला किती समजलं कोण जाणे. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो वर पोचेपर्यंत तिथेच होता.

मला हवं होतं ते मिळालं, नाही का? तिच्या मनात काय आहे ते कळलं, आणि तेही मला चुकवून, परक्या मुलीला सांगताना. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि एक धपाटाही घालावासा वाटला. अगं, आधी बोलायला काय झालं होतं? तिकिटं काढताना शेजारी बसली होतीस, खिडकीची सीट तूच निवडलीस! डोंगरावर धुकं होतं, थंडी होती, अबू फहद शेगडी पेटवत होते. मी शिरीषला बाजूला घेऊन म्हटलं, "आपण परत जाऊ. उद्याच."

"कुठे?"

"खोबरला."

तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं काही मी सुट्टीत प्लांटवर जाऊन बसू या म्हणतेय. "जूनमध्ये? खोबरला? अगं, लोक तिथून पळून इकडे येतात." मग तिकीट बदलून मिळत नाही, मग अबू फहदना वाईट वाटेल. मला मिरची वाढण्यात आली.

तेव्हापासून मी यावर चिडते आहे आणि अजून चिडून झालेलं नाही. आमच्यासारख्या लोकांचं हे असं होतं. खोबर म्हणजे आमच्यासाठी वेटिंग रूम. तिकडे टीव्हीवर हिरवंगार काहीतरी चाललेलं असतं, आपण नाव पुकारलं जायची वाट बघत बसतो. आणि त्याच वेटिंग रूममध्ये आपलं मूल चालायला शिकतं, त्याचे दात पडतात, मैत्रिणी होतात. त्याच्यासाठी ती वेटिंग रूम कधीच नसते. मग त्याच्या निरोपाची वेळ आली की आपण त्याला इस्तंबूल दाखवतो, बाकू दाखवतो, बुर्सा दाखवतो. सगळं दाखवतो, फक्त ज्या गावाचा निरोप घ्यायचा ते गाव सोडून. गावाला निरोप द्यायचा असतो हेच आपल्या डोक्यात येत नाही, कारण ते आपल्या लेखी गावच नसतं.

परत आलो तेव्हा सईच्या पुण्याच्या विमानाला दोनच दिवस उरले होते. एक बॅगा भरण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं अशा उन्हात, ती एकटीच बाहेर गेली आणि घामाने निथळत परत आली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली तमीस. इतकी गरम की कागदाची शाई रोटीला लागलेली. तिने ती फडक्यात बांधून हातातल्या बॅगेत घातली. मी विमानात खायला का म्हणून विचारलं. तर म्हणाली, "नो. फॉर पुणे."

नाशिकहून परतताना मी चिवडा आणि लोणचं आणते, तशी तिने घरून भाकरी नेली.

त्यानंतर काय झालं ते इथल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, चालू ठेवायचा तर तिने ठरलेल्या मुदतीत इथे परत यायला हवं होतं, आणि नेमकी त्याच आठवड्यात तिची परीक्षा. मुदत टळली. मग शिरीषने कॉम्प्युटरवर बघितलं तर तिच्या नावापुढे अरबीत आलं होतं, बाहेर गेली, परत आली नाही. त्याने मला ते वाचून दाखवलं आणि लॅपटॉप मिटला. जी इथल्या दवाखान्यात जन्मली तिच्याबद्दल! ती परीक्षा देत होती हो, पळून गेली नव्हती. पण मशीनशी कुठे भांडणार, आणि माणसाशी भांडायची तर आम्हाला सवयच नाही. त्यामुळे आता ती येणार ती व्हिजिट व्हिसावर. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर, मोजक्या दिवसांची पाहुणी म्हणून. सुट्टीत पहिल्यांदा येणार होती तेव्हा व्हिसा लांबला आणि सुट्टीच संपली. त्यामुळे पुण्याला गेल्यापासून ती खोबरला येतेय ती थेट पुढच्या आठवड्यात.

गेल्या महिन्यात मी तिला फोनवर म्हटलं होतं, "तू येशील तेव्हा बुर्साला पुन्हा जाऊ या का? नीट. आपण तिघंच. माझं सगळं राहिलंय गं." हे मी अगदी मनापासून विचारलं. मला ते कारंजं अजून बघायचंय, त्या चौकात दुसरा चहा मागवायचाय.

ती हसली. पुण्यात राहून तिचं मराठी बरंच सुधारलंय. म्हणाली, "आई, तू जा बाबाबरोबर. मला कुठे नको. मला घरी यायचंय."

हे सगळं मंजिरीला एका कपात कसं सांगणार? मी आपलं थोडक्यात म्हटलं, "मंजिरी, माझं ऐकशील तर जाऊच नका. इराला विचार, तिला शेवटचे दिवस कुठे काढायचेत."

मंजिरीचा चेहरा उतरला. तुम्ही जाऊन आलात आणि आम्हाला नको म्हणताय, असं तो चेहरा स्पष्ट म्हणत होता. मग तिने कप खाली ठेवला. "तिला कसं विचारणार ताई? सरप्राइज आहे. तिकिटंही झालीत."

मी हात टेकले. तिला हॉटेलचं नाव दिलं, मधाच्या दुकानाचं दिलं. निघताना एवढंच म्हटलं की केबल कारच्या रांगेत कोणी मागून हाक मारली तर वळून बघू नका. तिला काही कळलं नाही. ती जिना उतरून गेली आणि मी उगाचच ओटा दुसऱ्यांदा पुसला.

काल संध्याकाळी शिरीष प्लांटवरून आला तोच ओशाळा चेहरा घेऊन. मी तो चेहरा बुर्सापासून ओळखते. सईला आणायला विमानतळावर जायचं म्हणून त्याने अर्धा दिवस रजा मागितली, आणि अबू फहदनी ती दिली, आणि वर म्हणाले की आमची सई येतेय! वल्लाह, शी इज अवर गेस्ट. गुरुवारी रात्रीचं जेवण आमच्याकडे.

माझा आवाज चढला. इतका की शेजारच्या फ्लॅटला ऐकू गेला असेल, गेला तर जाऊ दे. "पुन्हा? पुन्हा तेच? ती इतक्या दिवसांनी येतेय. सरकार तिला पाहुणी म्हणतं, विमानतळावरचा माणूस तिला पाहुणी म्हणेल, आता हेही म्हणणार? सांग त्यांना, ती कोणाची पाहुणी नाहीये. ती घरी येतेय."

"अगं, त्यांना वाईट..."

"वाटू दे!"

त्याने हातातली बॅग खाली ठेवली. मग फोन घेऊन बाल्कनीत गेला. सरकतं दार ओढून घेतलं, पण ते नीट लागत नाही. घरमालकाला सांगून सांगून थकलो. त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ सलाम, तब्येत, मुलं, हवा. मग त्याचा आवाज आला, जरा फाटलेला. "नो, नो, अबू फहद. थर्सडे वी कॅन नॉट कम. सई इज नॉट गेस्ट. शी इज... शी इज कमिंग होम."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. या माणसाने त्या माणसाला 'नो' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. बाल्कनीतल्या दमट हवेत त्याचा चष्मा पांढरा झाला होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मग तो दोनदा "यस, यस" म्हणाला, फोन बंद केला आणि आत आला.

"काय म्हणाले? रागावले?"

"नाही." तो सोफ्यावर बसला. "म्हणाले, बरोबर आहे, ती घरी येतेय. मग आम्हीच येतो तुमच्या घरी. गुरुवारी. उम्म फहद, मुलं, सगळे. नूरापण सुट्टीला आलीय."

मी कपाळावर हात मारून घेतला, उम्म फहदसारखाच. आत्तापर्यंत ते कधी आमच्याकडे आले नव्हते. आम्ही कधी बोलावलंच नव्हतं. पाहुणे आपण, आपण कसं कोणाला बोलावणार, असंच मनात धरून इतकी वर्षं काढली. आता एवढ्या माणसांचा स्वयंपाक, सोफ्याचे अभ्रे उसवलेले, पडदे स्वस्तातले, आणि घरात मांसाचा तुकडा शिजणार नाही. चिडचिड करत मी डाळ भिजवायला उठले, मग आठवलं की गुरुवार अजून लांब आहे. पण भरल्या वांग्यांचं नक्की केलं. खाऊ देत अबू फहदनाही एकदा भाज्या, प्रेमाने वाढलेल्या.

मग फोन घेतला आणि सईला लिहिलं, गुरुवारी आपल्या घरी पाहुणे आहेत, येताना चांगली हळद घेऊन ये.